डॉप्लर लिहून दिली, पण कोणती? पायाच्या नसांच्या सोनोग्राफीला जाण्याआधी

आमचे मोठेबाबा नागपूरच्या इतवारीत कापडाच्या दुकानात, ३५ वर्षं उभ्यानं थान उलगडून दाखवण्यात गेली, शुगर जुनी. एका उन्हाळ्यात त्यांचा डावा पाय चालताना दुखायला लागला. दुकानातून गांधीबागेकडे निघाले की थोड्या अंतरावर पोटरीत गोळा आल्यासारखं व्हायचं, दोन मिनिटं थांबले की बरं, पुन्हा चालले की पुन्हा तेच. जिथं दाखवलं तिथं नसांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू झाल्या. मग चपलेचं लागून बोटाला जखम झाली, ती काही भरेना, तेव्हा कुठं चिठ्ठीवर लिहून मिळालं, डॉप्लर लेफ्ट लेग. एवढंच. सेंटरवर पायाची थोडी सूज पाहून त्यांनी अशुद्ध रक्ताच्या शिरांची डॉप्लर केली, म्हणजे गाठ आहे का ते पाहिलं, आणि रिपोर्ट आला नॉर्मल. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पाच आठवड्यांनी बोट काळं पडलं. दुसरीकडे शुद्ध रक्ताच्या नसांची डॉप्लर झाली तेव्हा कळलं की गुडघ्याखाली रक्त नावापुरतंच जाऊन राहिलं होतं. दोन बोटं गेली.

मशीन चांगली होती, तपासणारे डॉक्टरही चांगलेच होते. जे पाहायला हवं होतं ते पाहा असं कुणी सांगितलंच नव्हतं. मी तेव्हा बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते, मलाही यातलं काही कळत नव्हतं, ते आजही मनाला लागून आहे. आता सहा वर्षं झाली डायबेटिक फूटच्या ओपीडीत, रोज हातात ती पेनासारखी छोटी डॉप्लर घेऊन लोकांच्या पायातल्या नाड्या ऐकते, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी नुसतं "डॉप्लर" लिहिलेली चिठ्ठी घेऊन येतंच. म्हणून हे सविस्तर लिहून राहिले, घरात कुणाला ही तपासणी सांगितली असेल तर जायच्या आधी वाचा.

पहिले हे ठरवा: रक्त खाली जात नाहीये, की वर येत नाहीये?

पायात दोन प्रकारच्या नळ्या. धमन्या हृदयाकडून रक्त खाली नेतात, शिरा ते वर परत आणतात. दोन्हींचे आजार वेगळे, डॉप्लर करायची पद्धत वेगळी, रिपोर्टची भाषाही वेगळी. आपल्याकडे सगळ्यालाच "नस" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

धमनीचा त्रास असला की चालताना दुखतं आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. फुटाळा तलावावर चक्कर मारताना दरवेळी साधारण त्याच अंतरावर पोटरी धरते असं कुणी सांगितलं तर माझे कान टवकारतात. कमरेच्या मणक्यामुळेही चालताना पाय भरून येतात पण तिथं नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं लागतं किंवा वाकावं लागतं, तेव्हा आराम पडतो. पुढे आजार वाढला की रात्री झोपेत पाय दुखतो, माणूस पलंगाखाली पाय लोंबकळत ठेवून झोपतो, पाऊल थंड पडतं, जखम भरत नाही. शुगर असली तर मात्र संवेदना आधीच गेलेली असते, दुखतच नाही, थेट जखमच दिसते. आणि बिडी, सिगरेट, खर्रा यातलं काही असलं तर संशय आणखी पक्का धरा, तंबाखूतलं निकोटिन धमन्या आवळतं, आणि बिडी-सिगरेटनं तर त्या आतून खराब होत जातात.

शिरेचा त्रास म्हणजे सूज, जडपणा, संध्याकाळपर्यंत पाय भरून येणं, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट पडून खाज सुटणं, पोटरीवर निळ्या-हिरव्या फुगलेल्या नसा. दिवसभर उभं राहणाऱ्यांना जास्त, शाळेतले सर-मॅडम, ट्रॅफिक पोलीस, पोह्याच्या ठेल्यावाले, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नसा उष्णतेनं अजून फुगतात. हे हळूहळू होणारं. पण एकाच पायाला एक-दोन दिवसात सूज आली, पोटरी कडक आणि गरम लागून राहिली, आणि नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, लांबचा प्रवास किंवा अंथरुणाला खिळणं झालेलं असलं, तर खोल शिरेत गाठ झाली असू शकते, डीव्हीटी म्हणतात ती.

आता चिठ्ठी. डॉक्टरांनी लिहून दिली की तिथंच बघा त्यावर आर्टेरियल (धमन्यांची, शुद्ध रक्ताची) लिहिलंय की व्हीनस (शिरांची, अशुद्ध रक्ताची), कोणता पाय, आणि कशासाठी. नसेल लिहिलं तर सरळ विचारा, "सर, शुद्ध रक्ताची की अशुद्ध रक्ताची?" राग येत नाही कुणाला, आला तरी विचारा. मला आवडणारी चिठ्ठी अशी असते: डाव्या पायाची आर्टेरियल डॉप्लर, शुगर १५ वर्षं, अंगठ्यावर जखम, पावलावर नाडी लागत नाही. एवढी एक ओळ असली की तपासणारा कुठं थांबून नीट पाहायचं ते ठरवतो. व्हीनस असेल तर तेही दोन तऱ्हेचं असतं, गाठ शोधायची आहे की फुगलेल्या नसांचे व्हॉल्व्ह, म्हणजे रक्त उलटं खाली येऊ न देणाऱ्या झडपा, तपासायचे आहेत. गाठ बघायला झोपवून काम होतं, व्हॉल्व्ह बघायला उभं करावं लागतं, आणि चिठ्ठीवर नसलं की कुणी उभं करतच नाही.

अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही असे प्रसंग

पाय अचानक थंडगार, पांढरा-निळा पडला, खूप दुखतोय, बोटं हलत नाहीत किंवा बधिर झालीत, तर सेंटर शोधत फिरू नका. धमनी अचानक बंद झाल्यावर पाय वाचवायला साधारण ६ तासांचा हिशेब धरतात. नस उघडणारा सर्जन आहे अशा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत थेट जा, फोन करून आधी विचारा. पायाला सूज आणि त्यात अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यात रक्त आलं तरी तसंच, गाठ सुटून फुप्फुसात गेलेली असू शकते. तोंड वाकडं होऊन किंवा हातातलं बळ जाऊन दहा मिनिटांत परत बरं झालं तरी घरी झोपून राहू नका, ती पुढच्या लकव्याची सूचना असू शकते, मानेच्या नसांची डॉप्लर त्यात करतात पण हॉस्पिटलात पोचल्यावर.

आणि हात जोडून एक सांगते, एकाच पायाला नवीन सूज आली असेल तर डॉप्लर होईपर्यंत तेल लावून चोळू नका. आपल्याकडे घराघरात कुणीतरी आजी-मावशी मोहरीचं तेल गरम करून पोटरी रगडायला बसतेच, मायेनंच करतात, पण आत गाठ असली तर ती सुटायची भीती असते.

जायच्या दिवशी

ही सोनोग्राफीच आहे. ना एक्सरेसारखे किरण, ना सुई, ना शिरेतून औषध. पायाला, हाताला आणि मानेला उपाशी राहायची गरज नाही, तरीही लोक मौद्याहून, काटोलहून रिकाम्या पोटी निघतात आणि शुगरचे पेशंट इथं वेटिंगमध्ये घामाघूम होतात. खाऊन या. पोटातल्या नसांची असेल तर गोष्ट वेगळी, किडनीच्या धमन्या, मोठी महाधमनी किंवा आतड्यांच्या नसा पाहायच्या तर ६ ते ८ तास उपाशी ठेवतात कारण गॅसमुळे मशीनला पलीकडचं दिसत नाही. तिथं शुगरवाल्यांनी सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि इन्शुलिन-गोळीचं आदल्या दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं. बाकी कोणतंही औषध, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी, तपासणीसाठी म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

कपडे सैल. जांघेपासून पावलापर्यंत पाय उघडा करावा लागतो, चुडीदार किंवा घट्ट जीन्स घालून आलं की अर्धा वेळ त्यातच जातो. पुरुषांनी हाफ पँट सोबत ठेवा. बायकांना साडी-परकर सगळ्यात सोयीचं, आणि तपासणारे पुरुष डॉक्टर असतील तर खोलीत सिस्टर किंवा घरचं बाईमाणूस असावं असं निःसंकोच सांगा, हा तुमचा हक्क आहे. जखमेवर पट्टी असेल तर बदलायला नवीन पट्टी सोबत न्या कारण जुनी काढावी लागू शकते. घट्ट मोजे वापरत असाल तर घालून या पण काढावे लागतील. तेल, मलम, हळदीचा लेप काही लावू नका.

जुने रिपोर्ट न्या, ऑपरेशन झालं असेल तर त्याची फाईल न्या, आयडी कार्ड न्या. बाई गरोदर असेल तर सोनोग्राफी पायाची असली तरी १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे फॉर्म भरून घेतात, त्यात वाईट वाटून घेऊ नये. गरोदरपणात गाठ डाव्या पायात जास्त होते, त्यामुळे डावा पाय एकटाच सुजला असेल तर "या दिवसांत पाय सुजतातच" असं म्हणून सोडून देऊ नका.

धमन्यांची तपासणी असेल तर निदान दोन तास आधी बिडी, सिगरेट, खर्रा बंद, आणि त्यावेळी चहा-कॉफीही टाळलेली बरी. धंतोली-रामदासपेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, लोक लांब लावून उन्हात धावत येतात आणि धापा टाकत टेबलावर झोपतात, मग प्रेशरचे आकडे भलतेच येतात. अर्धा तास आधी पोचा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत करायची असेल तर आधी ओपीडीचं कार्ड, मग रेडिओलॉजीतून तारीख, तेव्हा डॉक्टरांना चिठ्ठीवर तातडीचं असेल तर तसं लिहून मागा, जखम किंवा गाठीचा संशय असला की ते फार कामाला येतं.

एबीआय, म्हणजे माझं रोजचं काम

एबीआय म्हणजे घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या प्रेशरनं भागून येणारा आकडा. मोठ्या मशीनच्या आधी ही छोटी तपासणी व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. लागतं काय, एक प्रेशरचा पट्टा आणि ८ मेगाहर्ट्झची हातातली डॉप्लर. माणसाला ५-१० मिनिटं सरळ झोपवून ठेवते. एसी जोरात असला तर कमी करते, पायावर चादर टाकते, कारण थंडीनं नसा आवळतात. मग दोन्ही दंडांचं वरचं प्रेशर घ्यायचं, आणि दोन्ही घोट्यांचं, प्रत्येक पावलावर दोन ठिकाणी. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलताना दोरीसारखा ताठ होणाऱ्या स्नायूबंधाच्या जरा बाहेर, आणि दुसरी आतल्या घोट्याच्या मागं. जेल लावून पेन तिरपी धरली की आवाज येतो. चांगल्या धमनीचा आवाज ठसठशीत असतो, एक जोराचा सपकारा आणि मागोमाग एक-दोन बारीक ठोके. वरती कुठं अडलं असेल तर तोच आवाज पसरट होतो, नुसतं हूऽश, हूऽश, जीव नसल्यासारखा. शिरेचा आवाज वाऱ्यासारखा, श्वासाबरोबर वरखाली होणारा. नवीन मुली शिरेच्या आवाजालाच नाडी समजतात, त्यांना मी आधी अर्धा दिवस नुसतं ऐकायला बसवते.

पट्टा फुगवून आवाज बंद करायचा, हळूहळू हवा सोडायची, आवाज परत आला तो आकडा. हिशेब सोपा आहे. समजा दंडांवर १४० आणि १३६ आले, तर मोठा धरा, १४०. उजव्या घोट्यावर ९८ आणि ९० आले, इथंही मोठा, ९८. ९८ ला १४० ने भागलं की ०.७०. साधारण १ ते १.४ म्हणजे ठीक, ०.९० किंवा कमी म्हणजे धमनीत अडथळा आहे, मधले आकडे काठावरचे, आणि ०.४० च्या आसपास किंवा खाली गेलं तर पाय धोक्यात आहे, वेळ काढू नका. म्हणजे वरच्या माणसाला, चालताना दुखतं का हे विचारायचीही गरज उरली नाही, आकड्यानंच सांगितलं.

पण इथं शुगरवाल्यांसाठी एक मोठा खड्डा आहे. शुगर जुनी असली किंवा किडनी खराब असली की धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती पाइपासारखी कडक होते, पट्ट्यानं दबतच नाही, मग आकडा खोटाच मोठा येतो. मोठेबाबांचा पहिला एबीआय नंतर जेव्हा झाला तेव्हा १.४५ आला होता, आणि त्यांचं बोट तर डोळ्यांसमोर काळं. १.४ च्या वर आलं की छान आहे असं समजायचं नाही, तो आकडा निकामी समजायचा, आणि पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायचं, कारण अंगठ्याच्या बारीक नसा सहसा एवढ्या कडक होत नाहीत. अंगठ्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर ०.७ पेक्षा कमी आलं तर अडथळा आहेच. आणि चालताना दुखणं अगदी पक्कं पण झोपून आकडा चांगला, असंही होतं, तेव्हा पेशंटला चालवून आणून लगेच परत मोजतात, खरा अडथळा असला की घोट्याचं प्रेशर धाडकन पडतं.

घरी काय करता येईल विचाराल तर, रोज रात्री पाय धुतल्यावर बोटांनी त्या दोन नाड्या चाचपायची सवय लावा. काही धडधाकट लोकांतही वरची लागत नाही, म्हणून घाबरायचं नाही, पण काल लागत होती आणि आज लागत नाही, किंवा एका पायाला आहे दुसऱ्याला नाही, हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

मोठ्या मशीनवर काय होतं

ट्रेन हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज बारीक-तीक्ष्ण असतो, पुढे निघून गेली की जाड होतो, अजनीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलेल्या प्रत्येकानं ऐकलंय. ख्रिश्चन डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १८४२ साली याचं गणित मांडलं. मशीन कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतं, तो धावत्या रक्तपेशींवर आपटून परत येतो आणि त्याच्या बदललेल्या सुरावरून रक्ताचा वेग कळतो, सेंटिमीटर प्रति सेकंद. पडद्यावर लाल-निळं दिसतं ते पाहून लोक म्हणतात लाल शुद्ध, निळं अशुद्ध. तसं नाही. नेहमीच्या सेटिंगला लाल म्हणजे प्रोबकडे, अंगावर टेकवतात त्या दांड्याकडे, येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं, आणि डॉक्टर ते उलटंही करू शकतात.

अडथळा वेगावरून ओळखतात. कूलरमध्ये पाणी भरताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार कशी जोरात उडते, तसं धमनी जिथं अरुंद झाली तिथं वेग वाढतो. पायाच्या धमनीत एखाद्या जागी वेग आधीच्या चांगल्या भागाच्या दुप्पटीहून जास्त झाला की तिथं निम्म्याहून जास्त जागा गेली असं धरतात. दोन्ही पाय नीट पाहायचे तर अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत दोन्ही पायांच्या धमन्या मांडीपासून बोटांपर्यंत झाल्या म्हणून सांगत असतील तर मला पटत नाही.

गाठ शोधायची असेल तर खरी कसोटी रंगांची नसतेच, दाबण्याची असते. डॉक्टर जांघेपासून सुरू करून खाली खाली प्रोबनं शीर दाबत जातात, चांगली शीर दोन्ही भिंती टेकून पडद्यावरून गायब होते, आत गाठ असली तर चपटी होतच नाही. मध्येच ते पोटरी पिळतात, त्यानं वरती रक्ताची लाट जाते का बघतात. थोडं दुखतं, दुखलं तर सांगा, कुठं दुखलं तेही कामाचं असतं. आणि पोटरीच्या शिरा पाहिल्या का हे विचारा. तिथं नीट दिसलं नसेल आणि लक्षणं तशीच असतील तर पहिला रिपोर्ट नॉर्मल असूनही आठवड्याभरात परत करायला सांगतात, त्यात सेंटरवाल्यांचा लोभ शोधू नका, पोटरीतली गाठ पुढच्या काही दिवसांत वर सरकू शकते.

व्हॉल्व्हच्या तपासणीत पायरीवर उभं करतात, वजन दुसऱ्या पायावर टाकायचं, तपासायचा पाय सैल सोडायचा. मग म्हणतात तोंड बंद करून पोटात जोर द्या, किंवा पोटरी पिळून सोडून देतात. सोडल्यावर रक्त उलटं खाली किती वेळ वाहतं ते मोजायचं, वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त आणि मांडीच्या खोल शिरेत एका सेकंदाहून जास्त म्हणजे व्हॉल्व्ह गळून राहिलाय. चक्कर येत असेल तर आधीच सांगा. माझ्यासमोर एक धिप्पाड काकाजी उभ्या उभ्या पांढरे पडले होते, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी. जमलं तर ही तपासणी दुपारनंतर करा, दिवसभर उभं राहिल्यावर गळती जास्त स्पष्ट दिसते.

मानेची सोपी असते, मंगळसूत्र-चेन काढायची, बंद गळ्याचा शर्ट नको, उशी खांद्याखाली घेऊन मान एका बाजूला वळवायची. नुसती चक्कर येते म्हणून मानेची डॉप्लर करायची फार हौस आहे लोकांना, बहुतेक वेळा त्यात चक्करेचं कारण सापडत नाही. ज्यांना लकव्याची झलक येऊन गेली त्यांना मात्र ती हवीच.

आपल्या विदर्भातल्या सिकलच्या लेकरांसाठी

हे मी मुद्दाम लिहिते कारण आपल्या भागात घराघरात सिकल, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे आणि ही तपासणी फार थोड्या आईबापांना माहिती आहे. एसएस असलेल्या, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकल आलेल्या, मुलांना लहानपणीच लकवा मारू शकतो, आणि तो येण्याआधी कळू शकतो. कानशिलावर प्रोब ठेवून मेंदूतल्या धमन्यांचा वेग मोजतात, ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात, टीसीडी. साधारण २ ते १६ वर्षं वयात वर्षातून एकदा. सरासरी वेग २०० सेंटिमीटर प्रति सेकंद किंवा वर गेला तर धोका मोठा, आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासानं दाखवलं की अशा मुलांना नियमित रक्त देत राहिलं तर लकव्याचं प्रमाण फार कमी होतं. १७० ते १९९ आला तर लवकर परत बघतात. मूल जागं आणि शांत पाहिजे, झोपलेलं किंवा रडणारं नको, ताप असताना नको, नुकतंच रक्त चढवलं असेल तर तसं सांगायचं, कारण या सगळ्यानं आकडा बदलतो. नुसता एएस, म्हणजे वाहक असेल, तर यासाठी घाबरायचं कारण नाही. पुढच्या वेळी सिकलच्या ओपीडीत गेलात की विचारा, "माझ्या लेकराची टीसीडी कधी झाली?" मोठ्या मशीनवर केलेल्या टीसीडीचे आकडे थोडे कमी येतात, म्हणून दरवर्षी शक्यतो एकाच जागी करा.

रिपोर्ट हातात आल्यावर

पहिले नाव, पाय आणि तारीख बघा. उजवा-डावा चुकलेला मी स्वतः दोनदा पकडलाय. मग वर लिहिलेलं बघा, आर्टेरियल की व्हीनस, आणि तुमच्या चिठ्ठीशी जुळवा. मोठेबाबांच्या रिपोर्टवर पहिल्याच ओळीत व्हीनस लिहिलेलं होतं, आमच्या घरातल्या पाच शिकलेल्या माणसांपैकी कुणीच ती ओळ वाचली नाही, सगळ्यांनी शेवटचा नॉर्मल हा शब्दच वाचला.

धमन्यांच्या रिपोर्टात ट्रायफेजिक म्हणजे चांगला प्रवाह, बायफेजिक बऱ्याचदा ठीक असतो, मोनोफेजिक म्हणजे वरती कुठंतरी अडतंय. वरती ट्रायफेजिक आणि घोट्याजवळ मोनोफेजिक, हे शुगरवाल्यांत नेहमी दिसतं. मानेच्या रिपोर्टात वेग १२५ च्या वर म्हणजे निम्मी किंवा जास्त जागा गेली आणि २३० च्या वर म्हणजे ७० टक्के किंवा जास्त, असा ढोबळ हिशेब आहे, सोबत चरबीचा थर किती दिसतो तेही बघतात. शिरांच्या रिपोर्टात कॉम्प्रेसिबल, म्हणजे दाबली की चपटी होते, हा शब्द असला की बरं.

आणि एका नावापासून फार सावध राहा. काही रिपोर्टात अजूनही सुपरफिशियल फेमोरल व्हेन असं लिहून येतं. सुपरफिशियल वाचून वरवरची शीर आहे, काळजी नाही असं वाटतं. ती मांडीतली खोल शीर आहे. त्यात गाठ म्हणजे डीव्हीटी, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, इंजेक्शन किंवा गोळी सुरू व्हायला पाहिजे. म्हणूनच आता नुसतं फेमोरल व्हेन लिहायचं ठरलंय, पण जुन्या सवयी जात नाहीत.

रिपोर्टात अडथळा निघाला म्हणून लगेच अँजिओग्राफीची तारीख घेऊन मोकळं व्हायचं नसतं, जखम नसेल आणि फक्त चालताना दुखत असेल तर तंबाखू सोडणं, रोज दुखेपर्यंत चालून थांबून परत चालणं, आणि रक्त पातळ करायच्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यावर बऱ्याच जणांचं अंतर वाढतं. जखम असेल तर उलट, तिथं एक दिवसही वाया घालवायचा नाही.

फिल्म आणि सीडी फाईलमध्ये ठेवा, ऊन लागेल अशा जागी गाडीच्या डिकीत नको. आणि निघताना टेबलावरच जेल नीट पुसून घ्या, सेंटरवाले दोन टिश्यू देतात आणि पुढच्याला बोलावतात, तेवढ्यात पुरत नाही. शुगरवाल्यांनी तर बोटांच्या बेचक्या एकेक उघडून कोरड्या करायच्या, ओल राहिली की तिथं कातडी पांढरी होऊन फाटते. मोठेबाबांना घेऊन दर सहा महिन्यांनी जाते तेव्हा घरून जुना सुती पंचा नेते, उरलेल्या तीन बोटांमधलं मीच पुसते, आणि मग चपलेत आत खडा-बिडा काही नाही ना ते हात घालून बघूनच त्यांचा पाय त्यात जाऊ देते.